खुर्चीचं वय

शलाका बुगडला एखाद्या गावाचा वयपट दाखवला, की नाव झाकून ठेवलं तरी ते गाव कसं असेल हे ती सांगायची. हे कॉलेजांचं गाव. हे पेन्शनरांचं. या गावातली कमावती माणसं आखातात गेलेली दिसतात, मागं बायका आणि पोरं राहिलीत. कचेरीत यावरून तिची चेष्टा व्हायची. पण अंदाज सहसा चुकत नसे, त्यामुळे चेष्टा करणारेही अडलं की तिच्याच टेबलाशी यायचे.

वयपट म्हणजे चित्रपटगृहात कोणत्या वयाची किती माणसं आली, त्याचा महिन्याचा तक्ता. पुण्यातली ‘प्रेक्षामान’ ही कंपनी देशभरातल्या नऊशे पडद्यांचे असे तक्ते काढी आणि वितरकांना पुरवी. कोणत्या गावाला कोणता चित्रपट पाठवायचा, खेळ किती वाजता लावायचा, आवाज किती ठेवायचा, हे सगळं २०४१ साली या तक्त्यांवर ठरत असे. शलाका तिथं अकरा वर्षं होती. सतरा ते चोवीस वयाची मुलं पहिले तीन दिवस झुंडीनं येतात आणि चौथ्या दिवशी गायब होतात. पस्तिशीपुढची माणसं शाळांना सुट्टी लागली की पोरं घेऊन येतात, एरवी त्यांचं तोंड दिसत नाही. साठीपुढचे मात्र मंगळवारी दुपारीही येतात, पडेल चित्रपटालाही येतात, कारण घरी पंख्याखाली एकट्यानं बसण्यापेक्षा ते बरं असतं. गेल्या दहा वर्षांत तरुणांचा आकडा उतरत होता आणि म्हाताऱ्यांचा चढत होता. हे सगळं शलाकाला तोंडपाठ होतं, आणि आवडतही होतं. एकेकटा माणूस खोटं बोलतो, गर्दी बोलत नाही, असं ती म्हणायची.

आता माणसांची वयं कळायची कशी? तिकिटावरून कळत नसत, कारण एका फोनवरून पाच जणांची तिकिटं निघतात. विचारायला जावं तर चाळिशीतला माणूस बत्तीस सांगतो. अंधारात कॅमेरे लावायला कायद्यानं बंदी आलेली. तेव्हा ‘प्रेक्षामान’नं खुर्चीलाच विचारायचं ठरवलं.

या खुर्चीचं नाव स्पंदासन. दिसायला ती चारचौघींसारखीच, फक्त पाठीच्या आणि बैठकीच्या कापडाखाली कागदाएवढी पातळ अशी एकेक पट्टी. या पट्टीवर दाब पडला की तिच्यात किंचित वीज निर्माण होते. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त जोरानं बाहेर फेकतं तेव्हा, गोळी सुटताना बंदुकीचा दस्ता खांद्याला मागं रेटतो तसं, सगळं शरीर केसाच्याही अंशानं हलतं. पाठीची पट्टी तो धक्का टिपते. तोच धक्का रक्तवाहिन्यांतून लाटेसारखा खाली जातो आणि मांडीशी पोचला की बैठकीच्या पट्टीला कळतो. या दोहोंमधला वेळ मोजायचा, की झालं. बागेत पाणी घालायची नळी नवी, मऊ असेल तर तोटी सोडल्यावर ती आधी फुगते आणि धक्का पुढं जायला वेळ लागतो. उन्हानं कडक झालेल्या जुन्या नळीत तोच धक्का झटकन पोचतो. रक्तवाहिन्याही वयाबरोबर अशाच कडक होत जातात. विशीच्या मुलात ती लाट मांडीशी पोचायला सेकंदाच्या हजार भागांतले ऐंशी भाग लागत असतील, तर साठीच्या माणसात पन्नासच लागतात. एका ठोक्यावरून काही ठरत नाही. पण अडीच तासांच्या चित्रपटात दहा-अकरा हजार ठोके हाती येतात, आणि त्यांची सरासरी काढली की दोन-तीन वर्षांच्या फरकानं वय बरोबर निघतं. खुर्ची कुणाचं नाव विचारत नसे. कंपनीला वयोगट कळे, माणूस कळत नसे.

देवांगपूर हे शलाकाचं जन्मगाव. कोल्हापूरपासून तासाभरावरचं, यंत्रमागांचं. तिचे वडील महादू बुगड तिथं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. ते वारल्यावर आई आणि धाकटा भाऊ धैर्यशील तिथंच राहिले. धैर्यशील तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, मागावरच कामाला. गावात चित्रपटगृह एकच, चंद्रप्रभा टॉकीज. त्या जानेवारीत तिथं स्पंदासनं बसली. यंत्रमागांच्या गावात ती पहिल्यांदाच बसत होती.

फेब्रुवारीचा वयपट आला तेव्हा शलाका त्याच्याकडे बघतच राहिली. सतरा ते चोवीस, शंभरात सहा. पंचवीस ते पस्तीस, शंभरात नऊ. आणि शेहेचाळीस ते साठ या एकाच गटात शंभरातले एकोणसाठ. असा तक्ता तिनं कधी पाहिला नव्हता. आपल्या गावातली पोरं गाव सोडून गेली, असा तिनं अर्थ लावला. घरी एक फोन करून विचारावं, हे तिच्या डोक्यात आलं नाही. चंद्रप्रभासाठी तिनं शिफारस लिहिली: भक्तिपट आणि कौटुंबिक चित्रपट पाठवावेत, आवाज कमी ठेवावा, मारधाडीचे चित्रपट बंद करावेत.

दीड महिन्यानं, सकाळी साडेदहाच्या सुमारास, तिला फोन आला.

“बाई, मी देवांगपूरहून भूपाल मगदूम बोलतोय. चंद्रप्रभा टॉकीजचा मालक. मला एक सांगा, तुमी माझ्या पोरांस्नी कीर्तन का दाखवायलाय?”

“तुमचा प्रेक्षक वयस्क आहे ना, मगदूमसाहेब. तक्त्यात तसं—”

“तक्ता ठेवा तिकडं. मी रोज दारात उभा असतोय. शुक्रवारी मागांना सुट्टी, त्या दिवशी मिसरूड फुटलेली पोरंच निम्मं थेटर भरत्यात. परवा परदा उघडला, टाळमृदंग सुरू झाला, आणि सगळी उठून गेली की हो!”

“खुर्च्यांत काही बिघाड असेल. मी स्वतः येते,” शलाका म्हणाली, आणि पुढं म्हणाली, “मी गावचीच आहे. महादू जॉबरची मुलगी.”

“महादूची लेक व्हय? मग तर तुला कळायलाच पाहिजे हुतं, पोरी,” भूपालअण्णा म्हणाले. ते तिला लागलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला शलाका चंद्रप्रभाच्या दारात उभी राहिली. अण्णांनी वितरकाच्या हातापाया पडून एक मारधाडीचा चित्रपट मिळवला होता. तीनशे बारा माणसं आत गेली. त्यांतली दोनशे तरी पंचविशीच्या आतली होती, हे सांगायला यंत्र नको होतं. गळ्यात हात टाकून, शिट्ट्या घालत, केसांना रंग लावून आलेली मुलं. चित्रपट सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं तिनं यंत्राच्या खोलीत जाऊन आकडे पाहिले. सतरा ते चोवीस वयाचे प्रेक्षक, एकोणीस.

खुर्च्या तपासायला तिनं सोपी युक्ती केली. संध्याकाळच्या खेळाला ती, एकोणसत्तर वर्षांचे अण्णा आणि सत्तावीस वर्षांचा धैर्यशील, असे तिघं एका ओळीत बसले. मध्यंतरात तिघांनी जागा बदलल्या. चित्रपट संपल्यावर ती दोघांना यंत्राच्या खोलीत घेऊन गेली.

पहिल्या अर्ध्यात अण्णांच्या खुर्चीनं सहासष्ट दाखवले होते. शलाकाच्या खुर्चीनं एकोणचाळीस, तिच्या खऱ्या वयाहून फक्त एक जास्त. धैर्यशीलच्या खुर्चीनं बावन्न. मध्यंतरानंतर धैर्यशील अण्णांच्या खुर्चीत गेला होता. तिथं त्रेपन्न.

धैर्यशील हसला. “म्हंजे मी तुझ्यापेक्षा थोरला झालो की, अक्का. आता तू मला दादा म्हन.”

अण्णाही हसले. शलाका हसली नाही. खुर्च्या ठीक होत्या. खुर्च्यांना वय कळतच नव्हतं, त्यांना फक्त रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात ते कळत होतं. आजवर सगळीकडे या दोन गोष्टी एकच निघाल्या होत्या. देवांगपुरात त्या एक नव्हत्या.

पुण्याला परतल्यावर तिनं आठ दिवस मिळेल ते वाचून काढलं. त्यात नवीन असं फार नव्हतं. सतत मोठा आवाज कानावर पडला की झोपेतसुद्धा रक्तदाब चढा राहतो, हे जुनंच ज्ञान. कडक उष्म्यात तासन् तास उभं राहिलं की हृदयाला दुप्पट राबावं लागतं, हेही. सूत तुटू नये म्हणून माग चालतात तिथं हवा मुद्दाम दमट ठेवतात, त्यामुळे घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. आठवडाभर दिवसपाळी, आठवडाभर रातपाळी, एकेक पाळी बारा तासांची. नवे वेगवान माग गावात येऊन आठ वर्षं झाली होती आणि उन्हाळे दरसाल वाढत होते. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी मोजली गेली होती. सगळ्या मिळून माणसाचं काय करतात, हे मात्र कुणी एका जागी मोजलं नव्हतं. ते चुकून एका सिनेमाच्या खुर्चीनं मोजलं.

कंपनीचे प्रमुख इंद्रनील घैसास यांच्यापुढं तिनं हे मांडलं. घैसास शांत आणि हुशार माणूस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे यंत्र बरोबर आहे आणि तक्ता चुकीचा आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“मग तक्ता दुरुस्त करू. देवांगपूरच्या शुक्रवारच्या आणि संध्याकाळच्या खेळांना प्रत्येकाच्या वयातून पंचवीस वर्षं वजा करा. कामगार तेव्हाच येतात ना?”

“सर, पण ती मुलं आजारी आहेत.”

“असतील. शलाका, आपल्याकडे वैद्यकीय उपकरणाचा परवाना नाही. उद्या आपण कुणाला तू आजारी आहेस म्हणून सांगितलं, आणि तो नसला तर? किंवा असला, आणि मालकानं त्याला काढून टाकलं तर? खुर्चीत बसताना आपण लोकांना शब्द दिलाय की आम्ही तुम्हाला ओळखणार नाही. आपण प्रेक्षक मोजतो. प्रेक्षकांवर उपचार करत नाही.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शलाकानं दुरुस्ती लिहिली. ती एका ओळीची होती आणि लिहायला चार मिनिटं लागली. ती लावल्यावर धैर्यशीलचं वय बरोबर सत्तावीस आलं.

मारधाडीचे चित्रपट पुन्हा देवांगपूरला जाऊ लागले. अण्णांनी फोन करून आभार मानले. वयपट आता इतर गावांसारखाच दिसत होता आणि वितरक खूश होते.

भावाला मात्र तिनं सांगितलं. मे महिन्यात ती घरी गेली तेव्हा आई शेजारी गेल्याचं पाहून तिनं त्याला समोर बसवलं आणि नळीचा दाखला देऊन सगळं समजावलं. त्यानं ऐकलं.

“डॉक्टरला दाखव,” ती म्हणाली. “साध्या गोळ्या असतात. आणि रातपाळी सोड.”

“मला काय धाड भरलीय? पोतं उचलून जिना चढतोय मी.”

“चढशील. एक दिवस चढणार नाहीस.”

“अक्का, डॉक्टरकडं गेलो की कागद हुतो. कागद झाला की मालकाला कळतंय. मागावर नको म्हणाला तर काय करू? दिवाळीनंतर लगीन हाय माझं.” धैर्यशीलचं लग्न शेजारच्या गावातल्या स्नेहल खोतशी ठरलेलं होतं. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. “आईला बोलू नकोस यातलं,” तो म्हणाला.

शलाका आईला बोलली नाही. तसं करून आपण भावाचा मान राखतोय की स्वतःची सुटका करून घेतोय, हे तिला नक्की कळत नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी धैर्यशीलचा फोन आला. मागं कुठंतरी माग वाजत होते. “अजिंक्य गेला,” तो म्हणाला.

अजिंक्य दिवटे त्याच्या शेजारच्या मागावर असे. वय चोवीस. दिवसपाळीत सूत जोडायला वाकला तो उठलाच नाही.

“परवा शुक्रवारी माझ्या बाजूला बसून पिक्चर बघितला की गं त्यानं,” धैर्यशील म्हणाला. “फ रांगेत. मी चौदाला, तो पंधराला.”

प्रत्येक खुर्चीचे मूळ आकडे चित्रपटगृहातल्या पेटीत नव्वद दिवस राहत. ते पाहायची परवानगी शलाकाला यंत्रदुरुस्तीपुरती होती. फोन ठेवल्यावर तिनं ते उघडले. फ रांग, पंधरा नंबर: एकसष्ट. तिच्या तक्त्यात तो छत्तीस वर्षांचा प्रेक्षक म्हणून नोंदला गेला होता. त्याच खेळाला पन्नाशीच्या वर दाखवलेल्या आणखी एकशे चौऱ्याहत्तर खुर्च्या होत्या. तिनं त्या एकेक करून पाहिल्या. मग पेटी बंद केली आणि घैसासांना राजीनामा पाठवला. कारण लिहायच्या जागी तिनं ‘घरगुती’ असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती अण्णांच्या घरी गेली. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. अजिंक्यला ते पोरवयापासून ओळखत होते.

“एकूण, तुला एप्रिलपास्नं ठाऊक हुतं,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि मी तुझे आभार मानलं.” ते उठून खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, “खुर्च्या माझ्या हायत. कंपनीचा नुसता तक्ता. येत्या शुक्रवारी मी खेळ फुकट ठेवतो. ज्याला आपलं वय बघायचंय त्यानं बसावं, सुटल्यावर चिठ्ठी घ्यावी. बळजबरी न्हाई.”

“अण्णा, थेटर बंद पडेल.”

“मढी बसवून चालवायचं हाय का?”

त्या शुक्रवारी चारशेवीस खुर्च्यांपैकी एकही रिकामी नव्हती. सुरुवातीला जत्रेसारखं वातावरण होतं. चित्रपट सुटल्यावर दोन खिडक्यांतून चिठ्ठ्या मिळू लागल्या तेव्हाही मुलं एकमेकांना ‘आजोबा’ म्हणून टपल्या मारत होती. पण चिठ्ठ्या निघतच राहिल्या. सत्तेचाळीस. पंचावन्न. अठ्ठेचाळीस. साठ. रांग पुढं सरकेल तसा आवाज कमी होत गेला. शेवटच्या पन्नास-साठ जणांनी चिठ्ठ्या घेतल्या आणि न बोलता सायकली काढल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मीनल उरुणकर दारात टेबल टाकून बसल्या होत्या. पन्नासच्या वर आकडा असलेल्यांना त्या सोमवारी तपासणीला बोलवत होत्या. एकसष्ट जण गेले. त्यांतल्या त्रेपन्न जणांना त्यांनी त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या.

धैर्यशील त्या खेळाला आला नव्हता. घरी तो दाराशीच तिची वाट पाहत होता.

“मला सांगितलंस ते ठीक,” तो म्हणाला. “गावाला कशाला सांगितलंस?”

“तुला सांगून तू काय केलंस?”

“ते माझं मी बघितलं असतं!”

“अजिंक्यला कुणी सांगितलंच नाही. त्यानं काय बघायचं होतं?”

तो निवळला नाही. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. शलाका पुण्याचं बिऱ्हाड मोडून गावी आली होती, त्यामुळे एकाच घरात हा अबोला दिवसभर जाणवायचा. आई दोघांच्या ताटांत भाजी वाढायची आणि दोघांकडे आळीपाळीनं बघायची.

पुढं घडलं ते शलाकानं गृहीत धरलं नव्हतं. मागमालक आधी म्हणाले, खुर्ची थोतांड आहे. मग डॉक्टरांचे कागद आले आणि त्यांना खुर्ची पटली. पटली ती अशी, की दोन मोठ्या कारखान्यांनी नवीन माणूस घेताना ‘चंद्रप्रभाची चिठ्ठी’ मागायला सुरुवात केली. चाळिशीच्या आत आकडा असेल तरच काम. ज्यांच्या रक्तवाहिन्या त्याच मागांनी कडक केल्या होत्या, त्यांना आता त्याच मागांवर उभं राहू देईनात. लग्नाच्या बैठकीतही खुर्ची शिरली. मुलगा बघायला आलेली मंडळी पोहे खाऊन झाले की ‘एखादा पिक्चर बघू या का’ म्हणायची. स्नेहलच्या वडिलांनीही निरोप धाडला, की धैर्यशीलरावांनी एकदा खुर्चीत बसावं, मग तारीख धरू. धैर्यशीलनं उलट निरोप दिला, की बसणार नाही.

चंद्रप्रभातली तरुण पोरं दिसेनाशी झाली. ज्या खुर्चीत बसलं की नोकरी आणि लग्न दोन्ही जाऊ शकतं, तिच्यात चित्रपट बघायला कोण बसेल? तरीही पोरांना चित्रपट हवा होता. काही जण यायचे आणि भिंतीला टेकून उभ्यानं बघायचे, काही मधल्या वाटेत चादर टाकून बसायचे. बारा तास उभं राहून आलेली पोरं सुट्टीच्या दिवशीही उभीच राहिलेली पाहून अण्णा अस्वस्थ व्हायचे.

ऑक्टोबरात दोन मालक अण्णांकडे आले. त्यांना दर सोमवारी सकाळी सगळं थेटर भाड्यानं हवं होतं, भरतीसाठी. शलाका तेव्हा तिथंच होती. अण्णांनी त्यांना चहा पाजला, विचार करून सांगतो म्हणाले आणि दारापर्यंत सोडलं. परत येऊन ते तिला म्हणाले, “त्या पट्ट्या काढता येत्यात का?”

“कापड फाडावं लागेल.”

“फाडू.”

“मग परत कुणालाच काही कळणार नाही, अण्णा.”

“कळंल. एक खुर्ची ठेवू. ज्याचं त्याला कळंल. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

शलाकानं त्यावर रात्रभर विचार केला. आयुष्यभर तिनं गर्दीला विचारलं होतं, माणसाला कधी नाही. घैसासांनी माणूस लपवला होता. तिनं तो चव्हाट्यावर आणला. दोन्ही वेळा त्याला स्वतःला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी तिनं पट्ट्यांची एक जोडी आणि एक छोटं यंत्र बाजूला काढलं आणि त्याची इतर सगळ्या यंत्रांशी असलेली जोडणी तोडून टाकली.

पट्ट्या काढायच्या शुक्रवारी साठ-सत्तर पोरं आली. त्यांत धैर्यशीलही होता. पोरांनी खुर्च्यांचं कापड उसवलं आणि पट्ट्या ओढून बाहेर काढल्या. संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळ्या खुर्च्या नागड्या झाल्या. त्यांना नवीन कापड गावातल्याच मागांवर विणलं गेलं, जाड, निळ्या-करड्या पट्ट्यांचं. कुणी किती विणलं हे कुणी विचारलं नाही. धैर्यशील दोन रविवार त्यावर राबला. एकदा कापडाचा गठ्ठा उतरवताना तो शलाकाला म्हणाला, “दुसरं टोक धर, अक्का.” दोन महिन्यांत तो तिला आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य.

सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या दोन कारखान्यांनी स्वतःच्या खुर्च्या मागवल्या. डॉक्टर उरुणकरांनी तक्रार केली आणि भरतीसाठी अशी खुर्ची वापरायला बंदी आली, पण त्याला दोन वर्षं लागली. काही कारखान्यांत आठ तासांच्या पाळ्या सुरू झाल्या, काहींत झाल्या नाहीत. ‘प्रेक्षामान’नं देवांगपूरचं नाव यादीतून काढून टाकलं. आता कोणता चित्रपट मागवायचा हे अण्णा दारात उभे राहून ठरवतात, आणि शलाका त्यांच्या कचेरीत बसून वितरकांशी भांडते.

राखलेली ती एक खुर्ची वरच्या मजल्यावर, जुन्या लेडीज क्लासच्या कोपऱ्यात आहे. तिला पडदा लावलाय. तिथं बसून चित्रपट पूर्ण बघायचा, सुटल्यावर शेजारची कळ दाबायची, चिठ्ठी निघते आणि आकडा यंत्रातून पुसला जातो. दिवसाला एक-दोन माणसं तरी वर जातात. बहुतेक एकटी जातात.

पट्ट्या काढल्या त्याच वर्षी, डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, दुपारच्या खेळाला, स्नेहल आली. एकटीच, वडिलांना न सांगता. धैर्यशील तिला दारात भेटला. दोघं काहीतरी बोलले. शलाकाला तिकीटखिडकीतून नुसते हातवारे दिसले. मग स्नेहल खाली, निळ्या-करड्या खुर्च्यांत जाऊन बसली आणि धैर्यशील जिना चढून वर गेला.

चित्रपट सुटला. तो जिन्यावरून उतरला तेव्हा त्याच्या हातात चिठ्ठी होती. शलाका दाराशीच उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि ती विचारील म्हणून की काय, क्षणभर थांबला. ती काही बोलली नाही. तो पुढं गेला आणि चिठ्ठी स्नेहलच्या हातात दिली.

स्नेहलनं ती वाचली. पुन्हा वाचली. मग घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्याला म्हणाली, “सोमवारी दवाखान्यात ये. सकाळी, उपाशीपोटी.”

लग्न वैशाखात झालं. त्या चिठ्ठीवर किती आकडा होता, ते शलाकाला अजूनही ठाऊक नाही.